अब्बांचा सदका मोंबासाला पाठवायचा आहे: विहीर, मदरसा की दवाखाना?

माहीमची_सायरा

अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. मागची गोष्ट सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही, म्हणून थोडं लांब लिहिते.

आमचं मूळ गाव राजपुरी, जंजिऱ्याला जायच्या होड्या जिथून सुटतात तेच. मी माहीमला राहते, मराठी शाळेत चौथीला शिकवते. माझे आजोबा ‘करंजा’ बोटीवर खलाशी होते. मुंबईहून निघून सेशेल्स, केनियातलं मोंबासा, दार-ए-सलाम करत डर्बनपर्यंत तिची फेरी असायची. १९५० नंतरच्या कुठल्याशा फेरीत मोंबासाच्या धक्क्यावर आजोबांना हिवतापाने असं गाठलं की त्यांना उतरवून बोट पुढे गेली. जुन्या शहरातल्या एका विधवा बाईने त्यांना तीन आठवडे घरात ठेवून घेतलं, पेज पाजली, अंगावरचे कपडे धुतले. पैसे घेतले नाहीत. आजोबा तिला बीबी म्हणायचे. आपल्याकडे बीबी आणि स्वाहिलीतही बीबी, त्यामुळे खरं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आजोबा एक गोष्ट हमखास सांगायचे. उठून चालता आलं त्या दिवशी ते फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजेला, गल्लीतल्या मशिदीत गेले. इमामांनी दुसऱ्या रकातीत रुकूनंतर, म्हणजे वाकून उठल्यावर, हात उचलून कुनूतची दुआ पढली. मुंबईत बहुतेक मशिदी हनफी पंथाच्या, तिथे फजरला कुनूत नसते. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आमच्यात असते. आणि तिकडचा सगळा किनारा, सोमालियापासून झांझिबारपर्यंत, शाफईच. आजोबा म्हणायचे, "राजपुरीच्या मशिदीत उभा आहे असं वाटलं आणि रडू आलं."

अब्बा गेल्या वर्षी गेले. वसीयतीत त्यांनी ३ लाख रुपये वेगळे काढलेत आणि पुढे एवढंच लिहिलंय: "मोंबासाच्या बीबीचं देणं." रक्कम मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या खूप आत आहे, भावंडांची हरकत नाही. बीबी आता असणं शक्य नाही, घर कुठलं तेही माहीत नाही. म्हणून तिच्या मुलुखातल्या माणसांच्या उपयोगी पडेल असा सदका-ए-जारिया, म्हणजे पुढे चालत राहणारं दान, करायचं ठरवलंय.

व्हॉट्सॲपवर दोन-तीन पत्रकं आली आहेत. एकात हातपंप, वर अब्बांच्या नावाची संगमरवरी पाटी, ४० दिवसांत फोटो आणि व्हिडिओ. दुसऱ्यात हिफ्जचा, म्हणजे कुराण तोंडपाठ करायचा, मदरसा. तिसऱ्यात डोळ्यांचं शिबिर. फोनवरच्या माणसाने विचारलं, पाटीवर नाव उर्दूत हवं की इंग्रजीत? त्या प्रश्नाने मी बिथरले. अब्बांनी आयुष्यात स्वतःच्या दारावर नावाची पाटी लावली नाही.

तिकडे राहिलेलं, काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा. कशाला द्यावं? पैसा खरंच पोचला हे कसं ओळखावं? आणि कायद्यात बसवून कसा पाठवावा?

कुर्ला_नेहरूनगर

सायराआपा, अल्लाह तुमच्या अब्बांची मगफिरत करो. राग मानू नका, पण मनात आलं ते विचारतो. माहीमहून गोवंडी किती लांब? बैंगनवाडीत एका नळावर २० घरं आहेत. डंपिंगच्या धुराने पोरांच्या छात्या भरलेल्या असतात. माझा भाचा तिथे टीबीच्या गोळ्या घेतोय. इथल्या गल्ल्या ओलांडून समुद्रापार सदका पाठवायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

माहीमची_सायरा

भाई, राग कसला. माझ्या वर्गातली चार मुलं तिथलीच आहेत, रोज बसने येतात.

मी मोहल्ल्याच्या मौलानांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, जकातीचा, म्हणजे दरवर्षीच्या बंधनकारक दानाचा, हिशोब वेगळा ठेवा. शाफई मसलकात जकात आपल्याच वस्तीतल्या गरजूंना द्यायची असते, इथे हकदार असताना बाहेर नेऊ नये असंच आहे. आमची जकात अब्बा असल्यापासून गोवंडी आणि मानखुर्दला जाते, पुढेही जाईल. ही रक्कम जकात नाही, नफली म्हणजे आपखुशीचा सदका आहे, आणि त्यातही कुणाचं तरी देणं म्हणून लिहिलेली. ज्याचं देणं त्याच्या दारात नको का फेडायला?

अलिबागचा_फिटर

सायराताई, नमस्कार. मी हापसेवाला माणूस. आधी रायगड जिल्ह्यात गावोगाव हापसे दुरुस्त केले, मग १९९६ ते २००७ केनिया आणि मलावीत तेच काम. शेवटची सहा वर्षं आखातातल्या एका मुस्लिम संस्थेच्या पगारावर होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिची एक मोठी चूक सांगणार आहे, आणि माझ्या आईच्या आजारपणात त्याच लोकांनी न मागता तिकीट काढून मला घरी पाठवलं होतं, हेही तेवढंच खरं आहे.

पाटीवाला पंप घेऊ नका.

मोंबासाहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दक्षिणेला गेलं की क्वाले लागतं. दिगो लोकांचा मुलूख, बहुतेक मुसलमान. नारळ, काजू, लाल माती. पहिल्या पावसात तर मला श्रीवर्धनच वाटायचं. २००३ च्या सुमारास तिथल्या एका गावात गेलो. आमच्याच संस्थेचा हातपंप. चौथऱ्यावर पांढरी पाटी, तीवर एका मयत बाईंचं नाव आणि आयत, अक्षरं अजून चकचकीत. चौथऱ्यावर मका वाळत घातलेला. बाया डबे घेऊन त्याच्या बाजूने खालच्या डबक्याकडे चालल्या होत्या. पंप बंद पडून १४ महिने झाले होते. उघडून पाहिला तर सील झिजलेला. रबराची एक वाटी, तळहातात मावेल एवढी. बदलायला मला ४० मिनिटं लागली.

ती बदलायला लागणारा पाना त्या गावात नव्हता. तो मोंबासाच्या आमच्या ऑफिसात होता, कपाटात, कुलूप घालून. गावकरी हरवतील म्हणून.

हे मला एवढं का लागलं ते सांगतो. आफ्रिकेत फिरलात तर आपला ‘इंडिया मार्क टू’ पंप जागोजाग दिसेल. त्याची मुळं जालना आणि सोलापूरला आहेत. मिशनऱ्यांच्या कामातून निघालेल्या जालना पंप आणि सोलापूर पंपावरून, युनिसेफच्या मदतीने, १९७० च्या दशकात तो घडला. पंप दणकट, पण आतला सिलिंडर काढायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात. तिवई लागते, गाडी लागते, चार गडी लागतात. ही अडचण ओळखून पुढे ‘अफ्रीदेव’ आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर येतो आणि एका पान्यावर सगळा पंप खुलतो. १९८० च्या दशकात त्याच्या चाचण्या झाल्या त्या याच क्वालेत. तिथल्या बायकांना सील बदलायला शिकवलं, पाणी समिती केली, वर्गणीचं खातं बायकांच्या हाती दिलं. पाणी क्षेत्रातली माणसं अजून क्वालेचं उदाहरण देतात. आणि त्या क्वालेत २० वर्षांनी आम्ही पुण्याचं काम करायला गेलो आणि पाना कुलपात ठेवला.

गावच्या समितीची एक म्हातारी बाई होती. कारागिराला तिकडे ‘फुंदी’ म्हणतात. तिने एवढंच विचारलं, फुंदी, पाना ठेवून जाशील? मी ठेवला. ऑफिसात बोलणी खाल्ली. पुढच्या साली गेलो तेव्हा पंप चालू होता. मधे एकदा सील तिने स्वतः बदलला होता आणि झिजलेला जुना मला दाखवायला फडक्यात बांधून ठेवला होता. मी तो मागून घेतला. आज माझ्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कुठल्याही दिवशी मोजा, तीन-चार हातपंपांमागे एक बंद सापडतो. नवा पंप बसवायला देणारे खूप मिळतात. पाच वर्षांनी तोच पंप दुरुस्त करायला कुणी देत नाही, कारण दुरुस्तीला पाटी लागत नाही. मला तुमच्या धर्मातलं फार कळत नाही, पण जारिया म्हणजे वाहतं, हे आमच्या संस्थेच्या मौलानांनीच सांगितलं होतं. मग वाहतं ठेवणाऱ्याचा त्यात वाटा असणारच.

आता चांगलं काय पाहिलं तेही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. मलावीत एक नाव सारखं कानावर पडायचं, डॉ. अब्दुल रहमान अल-सुमैत. कुवेतचे, पोटाच्या विकारांचे डॉक्टर. १९८१ ला त्यांनी मलावीपासून काम सुरू केलं. त्यातून ‘आफ्रिका मुस्लिम्स एजन्सी’ उभी राहिली, आता तिला ‘डायरेक्ट एड’ म्हणतात. अनाथ मुलांचं शिक्षण, विहिरी, दवाखाने, मशिदी, असं सगळं एकत्र. १९९६ चा किंग फैसल पुरस्कार मिळाला तेव्हा ती रक्कम त्यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या शिक्षणाला देऊन टाकली. २०१३ मध्ये ते गेले. पण माझ्या मनात राहिलं ते हे की तो माणूस कुवेतहून नुसते पैसे पाठवत बसला नाही, बायकोला घेऊन मादागास्करच्या मनाकारा गावी जाऊन राहिला. लांबून पाहिलं तर पाटी दिसते, पाना कुठे आहे ते दिसत नाही.

एक शेवटचं, धर्माच्या बाजूचं. बाहेरून पैसा आला की कधी कधी बाहेरून इमामही येतो. एका गावात असे नवे इमाम आले आणि त्यांनी पहिल्याच वर्षी गावाची मौलिदी, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचा उत्सव, बंद करायला सांगितली. पिढ्यान्पिढ्यांचं गाव दोन तटांत फुटलं, शेजारी शेजाऱ्याच्या मयताला जाईना. त्या गावाला इमाम हवाच नव्हता. त्यांचा स्वतःचा म्हातारा उस्ताद होता, त्याच्या घरात पीठ नव्हतं, एवढीच अडचण. आणि हा तो किनारा आहे जिथे केनियातल्या लामू बेटावर हबीब सालेह यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस रियाधा मशिदीत गुलामांच्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. बड्या घरांचा विरोध पत्करून. पूर्व आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी तिथे येत. त्यांना दीन शिकवायला आपण जायचं कारण नाही, त्यांच्या उस्तादाचा पगार चालू राहिला तरी पुरे.

सिस्टर_चेंबूर

फिटरदादा, तुमचा सील वाचून गलबलून आलं.

मी निवृत्त नर्स. चार वर्षं दार-ए-सलामला नोकरी केली, नंतर इथे पालिकेच्या लसीकरणात. सायरा, तू पाटीला बिचकतेस ते बरोबर आहे, पण तिथली एक पाटी मला आवडायची. मुहिंबिलीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात एका इमारतीला सेवाहाजी म्हणतात. रिक्षावाला, आया, पेशंट, सगळे म्हणतात, ‘सेवाहाजीत भरती आहे.’ मला वाटायचं स्वाहिली शब्द असेल. तर ते माणसाचं नाव. सेवा हाजी पारू, कच्छी घराण्यातला खोजा व्यापारी, १८९७ ला वारला. बागामोयोला शाळेची इमारत देताना त्याने अट घातली की सगळ्या वंशांच्या मुलांना घ्यायचं. जर्मन राज्यात! इस्पितळालाही त्याचाच पैसा. तसंच झांझिबारच्या धक्क्यावर ती लाकडी नक्षीच्या सज्ज्यांची देखणी इमारत आहे, जुना दवाखाना म्हणतात. ती तारिया तोपण यांच्या पैशाची, तेही खोजाच. मधे त्यांचा मृत्यू झाला तर बायकोने पुरी करून घेतली.

म्हणजे इकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांनी तिकडे देणं ही कालची गोष्ट नाही. मोंबासाचं आजचं तंत्र विद्यापीठ पूर्वी मुस्लिम शिक्षण संस्था म्हणून सुरू झालं, त्यात झांझिबारच्या सुलतानांबरोबर आगाखान आणि बोहरा समाजाचेही पैसे आहेत.

आता दवाखान्याचं. एका शिबिरावर सगळे पैसे घालू नकोस असं मी सांगेन. शिबिरवाले येतात, ऑपरेशनं करतात, जातात, मागे डोळ्यात टाकायचं औषध कोण बघणार? ज्या इस्पितळात वर्षभर डोळ्यांचा डॉक्टर बसतो त्यांनी भरवलेलं शिबिर असेल तर गोष्ट वेगळी.

कुर्ल्याच्या भावांना एक सांगते, कारण गोवंडीत मी होते. नोव्हेंबर २०२२, गोवर पसरला, मुलं दगावली. आम्ही दार ठोठावायचो, आतून उत्तर यायचं, नंतर या. मग मौलानांना विनंती केली. जुम्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, सांगितलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाया मुलांना कडेवर घेऊन आपणहून बूथवर. तेव्हा मला नायजेरियातलं कानो आठवलं. २००३ ला तिथे पोलिओचे डोस अफवांनी थांबले, जवळजवळ वर्षभर, आणि तिथून विषाणू कितीतरी देशांत गेला. ते पुन्हा सुरू करायला डॉक्टर कमी पडले. सोकोटोचे सुलतान, गावोगावचे इमाम, त्यांनी आपल्या हाताने मुलांच्या तोंडात थेंब घातले तेव्हा गाडी पुढे सरकली. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झालं.

आणि मेंदूज्वर! सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या धुळीच्या मोसमात तो माणसं न्यायचा. त्यावरची लस आपल्या पुण्यात बनली, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, अर्ध्या डॉलरहूनही कमी किमतीत. डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोपासून सुरुवात झाली. हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो. पण बाटली पुण्याची असली तरी दंड पुढे करायला तिथल्या इमामाने सांगावं लागतं. म्हणून म्हणते, आरोग्य, शिक्षण, दीन असे तीन वेगळे डबे करू नकोस.

खडकीचा_वाचक

फक्त एक भर. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, विकत विकत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने वसवलेल्या खडकीला (पुढे औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणणारी नहर त्याचीच. १६२६ ला तो वारला, नहरीचं पाणी पुढे शतकानुशतकं लोक पीत राहिले. माझी पणजी प्यायली आहे. तुमच्या राजपुरीसमोरचा जंजिरासुद्धा हबशांचाच. आफ्रिकेने आपल्याला पाणी पाजलंय, देणं एका बीबीपुरतं नाही.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून आणखी एक नाव. नाना अस्माऊ, सोकोटोच्या, १७९३ ते १८६४. सोकोटोची सल्तनत उभी करणाऱ्या उस्मान दान फोदियो यांची मुलगी. त्यांनी बायकांनाच शिक्षिका म्हणून तयार केलं आणि त्या शिक्षिका गावोगाव जाऊन घरातल्या बायकांना कवितांमधून शिकवत. ‘यान तारू’ म्हणत त्यांना. आपल्याकडे सावित्रीबाई १८४८ ला शाळेत उभ्या राहिल्या तेव्हा नाना अस्माऊ हयात होत्या. एकमेकींना माहीत नसलेल्या या दोघींचा विचार माझ्या मनातून जात नाही.

ठाण्याचा_सीए

कायद्याचं थोडक्यात. निवासी भारतीय व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, त्यात देणगीही बसते. तुमची रक्कम त्याच्या पासंगालाही लागत नाही. बँकेत पॅन आणि ए२ फॉर्म. परदेशी धर्मादाय संस्थेला देणगी असेल तर एस १३०३ हा हेतू-संकेतांक. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेने पाठवतानाच घ्यायचा कर, कापला जात नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर देणगीची आयकरातली (८०जीची) वजावट मात्र नाही, हे आधीच धरून चाला.

स्वतःच्या खात्यातून थेट तिकडच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पाठवा. इथल्या एखाद्या ट्रस्टला ‘तुम्ही आफ्रिकेला पाठवा’ म्हणून देऊ नका. ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला की खास परवानगीशिवाय तो करमुक्त धरत नाहीत, बिचाऱ्यांना पुढे नोटीस येते. आणि ‘रोख द्या, तिकडे आमचा माणूस पोचवेल’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. चांगल्या हेतूच्या माणसांना या वाटेने त्रासात पडलेलं मी पाहिलं आहे.

म्हसळ्याची_लेक_मोंबासाची_सून

सायरा, वाअलैकुम अस्सलाम. मी म्हसळ्याची. लग्न होऊन मोंबासाला आले त्याला १९ वर्षं झाली. सासरचेही मूळचे कोकणचेच. तुझ्या आजोबांची बीबी ज्या जुन्या शहरात राहत होती तिथून मी रोज भाजी आणते. गल्ल्या तशाच अरुंद आहेत, नक्षीचे दरवाजे आहेत, आणि हो, फजरला कुनूत अजून तशीच.

फिटरदादा आणि सिस्टर म्हणतात ते सगळं बरोबर. मी फक्त एका कामाबद्दल सांगते, कारण ते मी आतून पाहते.

इथली मुलं आधी ‘चुओ’त जातात, म्हणजे कुराणशाळेत. पूर्वी व्हायचं असं की मूल कुराण सुरेख पढायचं, पण सहाव्या वर्षी सरकारी शाळेत गेलं की मागच्या बाकावर. पेन्सिल कशी धरायची माहीत नाही, आकडे माहीत नाहीत, बाईंची भाषा परकी. आईबापांसमोर दोनच रस्ते, दीन किंवा शाळा. १९८० च्या दशकात इथल्या मुस्लिम मंडळींनी आगाखान फाउंडेशनपुढे हा प्रश्न ठेवला. मग स्वाफिया सईद नावाच्या शिक्षिकेने सुरुवात केली. वस्तीतल्याच मुलींना शिकवून तयार केलं, नारळाच्या करवंट्या, शिंपले, बाटल्यांची झाकणं घेऊन मोजणी, स्वाहिली गाणी, आणि त्यातच दुआ, आयती, वुजू म्हणजे नमाजेआधीचं हातपाय धुणं. सकाळी एकाच छपराखाली दोन्ही. त्याला मदरसा बालवाडी म्हणतात. १९९० ला झांझिबार, १९९३ ला युगांडा. शाळा वस्तीची, कमिटी वस्तीची, बाई वस्तीची.

मी शनिवारी अशाच एका बालवाडीत हिशोबाला मदत करते. समुद्राकाठची वस्ती, बहुतेक घरं मासेमारीवर. अडचण कुठे येते ते तू राजपुरीची असल्यामुळे लगेच ओळखशील. बाईंचा पगार मुलांच्या फीमधून निघतो. एप्रिलनंतर कुसी सुटतो, म्हणजे दक्षिणेचा वारा. समुद्र खवळतो, छोट्या होड्या बाहेर जात नाहीत, घरात पैसा नाही, फी थांबते. मग बाई तीन-चार महिने अर्ध्या पगारावर किंवा बिनपगारी. दोन चांगल्या बाया आम्ही अशाच गमावल्या. एक आता हॉटेलात चादरी बदलते, आणि तिच्याइतकं सुंदर गोष्ट सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

इमारत आहे, रंग आहे, भिंतीवर ‘अलिफ बा’ आहे, नळ आहे. कुसीचे महिने तेवढे भरून काढणारं कुणी नाही.

पैसे पोचले का हे बघायचं तर फोटो मागू नकोस, फोटोत मुलांना उभं करायला काहीच लागत नाही. संस्थेची नोंदणी बघ. खातं संस्थेच्या नावाचं आणि दोन सह्यांचं आहे का बघ. आणि जूनच्या हजेरीपटाची प्रत माग. जूनमध्ये बाईंची सही रोज असेल तर पैसा पोचला.

कुर्ला_नेहरूनगर

आपा, मी माझा शब्द मागे घेतो. आमच्या भाच्याच्या वस्तीत पण बालवाडीची ताई पावसाळ्यात येणं बंद होते, हेच कारण. ती करवंट्यांची मोजणी कशी घेतात त्याचं कुणी लिहून पाठवाल का? आमच्याकडे करवंट्या नाहीत, झाकणं भरपूर.

माहीमची_सायरा

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, कारण भावाला आणि अम्मींना सगळं वाचून दाखवत होते. फिटरदादांचा सील ऐकून अम्मी उठल्या आणि दुसऱ्या खोलीत गेल्या.

ठरलं ते असं. पैसे एकदम द्यायचे नाहीत. कुसीच्या महिन्यांतला बाईंचा पगार, दरवर्षी, पैसे पुरतील तितकी वर्षं. त्यातूनच दर साली थोडी रक्कम क्वालेकडच्या एखाद्या गावाच्या पाणी समितीला, फक्त सील आणि पान्यासाठी. फिटरदादा, कुठले भाग लागतात ते तुम्ही लिहून द्याल ना? पाटी नको. डोळ्यांच्या शिबिराचं नको. सीए साहेब, बँकेत उद्या जाते, ए२ फॉर्म भरताना अडले तर इथेच विचारेन.

भाऊ कुर्लावाले, करवंट्यांचं मी वहीत उतरवून घेते आणि माझ्या गोवंडीच्या मुलांबरोबर करून बघून तुम्हाला देते. झाकणं चालतील.

म्हसळ्याच्या ताई, एकच राहिलं. पावतीवर देणाऱ्याचं नाव लिहावं लागत असेल ना? अब्बांचं नाव नको, माझंही नको. कशाबद्दल दिले एवढंच लिहिता येईल का?

म्हसळ्याची_लेक_मोंबासाची_सून

पावतीवर नाव लागतंच, तिथे तुझं घालते, ती फायलीत राहील. बालवाडीच्या वहीत मात्र नुसतं कारण लिहिलं तरी चालतं. गंमत बघ, स्वाहिलीत फेडायच्या रकमेला ‘देनी’ म्हणतात. ‘देनी ला बीबी’, बीबीचं देणं. हिशोब लिहिणाऱ्या मुलीला समजावून सांगावंच लागणार नाही.

माहीमची_सायरा

तेच लिहा.